जागा वाढवणाऱ्या विहीणबाई

हे जग ज्याने कोणी मांडलं, त्याने मांडायला बसण्यापूर्वी आमच्या विहीणबाईंचा सल्ला घेतला असता, तर जगाच्या कडेला थोडी जागा मोकळी सुटली असती, प्रत्येक नदीची एक नक्कल दुसरीकडे जपून ठेवलेली असती, आणि समुद्राची हद्द सरकवायची वेळ आलीच तर आतल्या एकाही माशाला पत्ता न लागता ती सरकली असती. हे मी थट्टेने म्हणत नाही. मी अमरावतीत तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, नद्या, समुद्र आणि हद्दी हाच माझा धंदा होता. त्या अधिकाराने सांगतो. आमच्या सूनबाईंच्या या मातोश्री अकोल्याच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळतात. कॉलेजचं सगळं कामकाज ज्या मशिनींवर चालतं त्या मशिनींच्या त्या दाई, सासू आणि वेळ पडली तर वैदू. मे महिन्यात अकोल्यात जी काही थंड खोली असेल ती त्यांची, कारण मशिनींना थंडी लागते. नात्यातल्या बायकांना कैक वर्षं वाटत होतं, की बाईला नुसतं एसीत बसायचा पगार मिळतो.

त्यांची नि माझी पहिली भेट मला लख्ख आठवते. पोरांनी आपसांत ठरवलं होतं, आम्ही दोन्ही घरांनी मान डोलावली होती, आणि त्या आमचं घर पाहायला आल्या होत्या. घर पाहायला येणारी माणसं भिंती बघतात, अंगण बघतात, फार तर नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतात. विहीणबाई चहा पिता पिता उठल्या, सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि आमचं कपाट उघडून उभ्या राहिल्या. माझी बायको मागोमाग धावली. कपाटात बोट शिरायला जागा नव्हती.

"इवाई," त्यांनी मला हाक मारली. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. "हे तं शंभर टक्के भरलं हाये. माह्या पोरीच्या साड्या कुठं ठेवसान?"

"करू की जागा," मी म्हणालो.

"भरल्यावर जागा होत नाही. जागा आधी करा लागते. पंच्याऐंशीच्या वर गेलं का मले झोप येत नाही बाप्पा."

मग त्यांनी फ्रीज उघडला, धान्याची कोठी उघडली, माझ्या चष्म्याचं घर उघडलं. त्या गेल्यावर बायको मला म्हणाली, "ही बाई लग्नाची बोलणी करायला आली होती की जप्तीला?" पण दुसऱ्याच दिवशी तिने कपाटातल्या जुन्या साड्या काढून वाटून टाकल्या, आणि रात्री म्हणाली, की कपाटाचं दार आता एका हाताने लागतं.

भरलेल्या वस्तूचा हा राग त्यांच्या पोटात पोटापाण्यामुळे शिरला. मशिनीची डिस्क काठोकाठ भरली, की मशीन मरत नाही, ती वेडी होते, असं त्या सांगतात. लिहायला जागा नाही म्हणून ती कोणाला आत घेत नाही, आतल्याला बाहेर सोडत नाही, आणि विचारलं तर काहीतरी भलतंच बडबडते. मग कोणीतरी विहीणबाईंना बोलावतं. त्या डिस्क मोठी करतात, तिच्यावरच्या हद्दी सरकवतात आणि मशीन पुन्हा शहाणी होते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं, आणि आपण हे किती झकास करतो ते सांगायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. लग्नकार्यात बायका सोन्याबद्दल बोलतात तशा त्या पार्टिशनबद्दल, म्हणजे डिस्कवरच्या या हद्दींबद्दल, बोलतात. एकदा एका बारशाला त्यांनी पाळण्याच्या दोरीला झोका देत देत चालू सर्व्हरची हद्द कशी वाढवली याची हकिकत सांगितली होती, आणि बाळाच्या आज्जीने पदराला डोळे पुसले होते. तिला काय कळलं होतं कोण जाणे, पण सांगणाऱ्याचा सूरच तसा होता.

मला त्यांनी समजावून सांगितलं ते एका दुपारी, आमच्या व्हरांड्यात. त्यांच्या एका मोठ्या मशिनीच्या पोटात दहा-बारा खोट्या मशिनी असतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. प्रत्येकीला आपली डिस्क, आपली मेमरी, आपलं नाव. बाहेरून विहीणबाई पाहिजे तेव्हा एखादीची डिस्क वाढवतात, एखादीला झोपवतात, एखादीची हुबेहूब नक्कल काढतात.

"आणि त्यांना आपण खोट्या आहोत हे माहीत नसतं?" मी विचारलं.

"नसते. त्यायले वाटते आपुन खरेच हावो."

"कमाल आहे."

"कमाल काहाची? तुमाले माहीत हाये का?" असं म्हणून त्या शेंगदाणे सोलायला लागल्या. मला त्या दुपारी झोप आली नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे 'दुसरी कुठं हाये?' कुठल्याही वस्तूकडे त्यांनी पाहिलं, की हा प्रश्न आलाच. घराची किल्ली दिसली, "दुसरी कुठं हाये?" चष्मा दिसला, "दुसरा कुठं हाये?" माझ्या बायकोकडे पाहून त्यांनी अजून तसं विचारलेलं नाही, पण त्यांची नजर त्या वाटेने गेल्यासारखी मला एकदोनदा वाटली आहे. ज्या वस्तूची नक्कल दुसऱ्या जागी नाही ती वस्तू आपल्याकडे नाहीच असं समजायचं, हा त्यांचा धर्म. लग्न बौद्ध पद्धतीने अकोल्याला झालं, तेव्हा त्यांनी स्वयंपाकी दोन सांगितले होते, फोटोवाले दोन, आणि भन्तेजीसुद्धा दोन. "एक रस्त्यात अडकले तं?" दोघंही वेळेवर हजर झाले. पहिले भन्तेजी दुसऱ्यांना 'तुम्ही म्हणा' म्हणाले, दुसरे पहिल्यांना 'तुम्ही म्हणा' म्हणाले, आणि शेवटी दोघांनी मिळून त्रिशरण-पंचशील इतकं सुरेख म्हटलं की आमच्याकडची मोर्शीची म्हातारी मंडळी, जी जरा अवघडून बसली होती, तीही हात जोडून ऐकत राहिली.

त्याच लग्नात मी त्यांचा हात पाहिला. आमच्याकडून माणसं वाजवीपेक्षा जास्त गेली होती. शेंदूरजनाघाटची संत्र्याच्या बागांतली भावकी एक गाडी सांगून तीन गाड्या भरून आली. हॉलच्या एका बाजूला पंगत, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या गप्पा, आणि मधे कनात. जेवणारे वाढले, जागा संपली. हॉलवाले म्हणाले, पंगत उठू द्या, मग कनात हलवू. विहीणबाईंनी जेवणाऱ्या एकालाही उठवलं नाही. आधी कनातीचे बांबू पुढे सरकवले, मग मोकळ्या झालेल्या जागेत बसायच्या पट्ट्या अंथरल्या. पुरी हातात धरलेला माणूस पुरी हातात धरूनच राहिला आणि त्याच्या शेजारी चाळीस पानं वाढली. जेवणं आटोपल्यावर गप्पांना जागा कमी पडली, तेव्हा हेच उलटं केलं: आधी पट्ट्या गुंडाळल्या, नंतर कनात मागे आणली. वाढपी पोरं आधी कनात ओढायला निघाली तर त्यांच्यावर त्या अशा ओरडल्या, की सनईवाला थांबला.

"वाढोताना आधी हद्द, मंग आतलं. लहान करताना आधी आतलं, मंग हद्द. उलटं केलं तं मानसं कनातीखाली चेंगरतीन!"

मला ते तेव्हा लग्नातलं ओरडणं वाटलं. त्यांच्या मशिनी ज्या लिनक्सवर चालतात, त्यातल्या डिस्कचा तो पहिला नियम आहे हे पुढे कळलं.

आणि तिसरी खोड संत्र्याची. डिस्कच्या हद्दीला हात घालताना एक क्षण असा येतो, की सगळं टाइप करून झालेलं असतं आणि फक्त एंटर दाबायचं राहतं. तिथे विहीणबाई थांबतात. दोन्ही हात कीबोर्डवरून काढून संत्रं घेतात, आणि ते सावकाश सोलून, एकेक फोड, बिया काढून खातात. खाताना डोळे पडद्यावर. तेवढ्या वेळात त्या लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचतात. संत्र्याचा हंगाम नसला की गूळ-शेंगदाणे, पण शेंगदाण्याला तितका वेळ लागत नाही म्हणून उन्हाळ्यात त्या हद्दीची कामं टाळतात. महत्त्वाचा आकडा असला तर तो डाव्या तळहातावर बॉलपेनाने लिहितात. त्यांच्या तळहातावर मी मेंदी पाहिलेली नाही, आकडेच पाहिले आहेत.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे. पण त्या रविवारी मी हसलो नाही.

निवृत्तीनंतर मी अमरावतीतल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्याचं चिटणीसपण पत्करलं आहे. सिकलसेलचे रुग्ण तिथे येतात. हा रक्ताचा आजार आहे, आईबापाकडून आलेला, आणि मेळघाटातून, नांदगाव खंडेश्वरकडून, कुठून कुठून माणसं आमच्याकडे रक्त घ्यायला येतात. पुन्हा पुन्हा रक्त घेणाऱ्याचं एक दुखणं असतं: शरीर हळूहळू काही रक्तांशी वैर धरतं. गट जुळला तरी आतलं काहीतरी जुळत नाही, आणि चुकीची पिशवी चढली तर जिवावर बेततं. म्हणून कोणाला कुठलं रक्त चालत नाही याची नोंद जीवापाड जपावी लागते. आमच्या डॉक्टरांनी ती वर्षानुवर्षं जपली होती, आणि ती सगळी एका सर्व्हरच्या पोटातल्या एका व्हर्च्युअल मशिनीत होती.

एप्रिल लागलेला. रविवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला, की मशीन उघडत नाही, डिस्क भरली म्हणते. ज्यांनी ती बसवली त्यांचा फोन बंद. मी अकोल्याला फोन लावला.

"कोनी हात लावू नोका," विहीणबाई म्हणाल्या. "काही मिटवू नोका. बॅकअप हाये ना?"

मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आहे, बाहेरच्या डिस्कवर रोज आपोआप होतो. मी जाऊन पाहिलं. ती डिस्क होती, पण तिची पिन काढलेली होती. होळी झाली, उन्हं तापली, कोणीतरी कूलर आणला आणि भिंतीवर मोकळा सॉकेट नव्हता. होळीनंतरचा एकही बॅकअप नव्हता. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

"येतो मी," त्या म्हणाल्या. वऱ्हाडात बायाही 'येतो'च म्हणतात.

दुपारी बाराच्या उन्हात त्या डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून उतरल्या. पिशवीत एक कोरी डिस्क, जेवणाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेली. माझ्या बायकोने शेंदूरजनाघाटहून आलेली मृग बहाराची शेवटची संत्री दवाखान्यात पाठवून ठेवली होती. विहीणबाई पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. आधी किरकोळ कचरा काढून पाहिला, पण मशिनीने तो मोकळा झालेला कोपराही उघडता उघडता गिळला आणि पुन्हा गप्प झाली. कागदांचे फोटो, अहवाल, सगळं एकाच कोठीत कोंबलेलं. ते बाहेर काढायला कोठी उघडायला हवी, आणि कोठी उघडायलाच जागा नाही. मोठ्या मशिनीत मात्र जागा भरपूर होती. म्हणजे काम त्यांचं रोजचंच: बाहेरून डिस्क वाढवायची, आत हद्द सरकवायची.

"पन आधी नक्कल," त्या म्हणाल्या. त्यांनी मशीन बंद केली आणि तिची अख्खी नक्कल आपल्या डिस्कवर काढायला लावली. "संध्याकाळपावेतो होईन. तवर मले जेवाले द्या."

आम्ही पोळीभाजी खात होतो तेव्हा रामकलीला आणलं.

रामकली धारणीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. वीस-बावीस वर्षांची, सातवा महिना लागलेला. जीपमधून तिला दोघांनी धरून उतरवलं. तिचा श्वास दारापासून ऐकू येत होता, कोणी लाकडावर रंधा मारावा तसा. डोळे पिवळे, ओठ पांढरे. डॉक्टरांनी तिला ओळखलं. होळीनंतर तिला रक्त चढवलं होतं तेव्हा अंगाने ते झिडकारलं होतं. मग नागपूरहून सगळी तपासणी करून आणली होती, तिला काय चालत नाही ते नेमकं कळलं होतं. ते मशिनीत लिहिलेलं होतं. तिच्या हाती दिलेला कागद पाड्यावर राहिला होता आणि पाड्यावर फोन लागत नव्हता. नागपूरची प्रयोगशाळा रविवारची बंद. रक्तपेढीवाला फोनवर होता: "डॉक्टरसाहेब, पिशव्या हायेत, पन यातली कोनती नाही ते सांगा."

डॉक्टर मशिनीच्या खोलीत आले. शांत माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. "मॅडम, किती वेळ?"

"नक्कल व्हाले दोन-अडीच तास."

"तिच्याकडे तेवढा वेळ नाही."

विहीणबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. नक्कल पाव हिस्साही झाली नव्हती.

"डॉक्टर, याची दुसरी कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "काही चुकलं तं तिचंच नाही, साऱ्यायचंच जाईन. सारे जे जे येतात त्यायचं."

"मला माहीत आहे."

"माह्या उभ्या जिंदगीत मी नक्कल घेतल्याबिगर हद्दीले हात नाही लावला."

भिंतीपलीकडे रामकलीचा श्वास चालू होता. मी त्या खोलीत का उभा होतो मला माहीत नाही. माझा काही उपयोग नव्हता. पण विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडावर मी असं काही पाहिलं, जे त्यांच्या तोंडावर असू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं. त्या घाबरल्या होत्या.

त्यांनी नक्कल थांबवली.

बाहेरून डिस्क मोठी केली. मशीन आणीबाणीच्या रीतीने सुरू केली. मग आतल्या हद्दींचा तक्ता उघडला, त्यातला एक आकडा मोठ्याने वाचला, "दोन हजार अठ्ठेचाळीस," आणि तळहातावर लिहिला. मला म्हणाल्या, "इवाई, तुमी वाचा." मी पडद्यावरचा वाचला, तळहातावरचा वाचला. तोच होता.

"आता मी हे पार्टिशन खोडून राहिलो," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टर दचकले. "भिऊ नोका. सातबाऱ्यावरून नाव खोडलं म्हनून वावरातली कपाशी उपटत नाही. ते उभीच राह्यते. मी फक्त पुन्हा नाव लिवीन, मोठं वावर करून. शेवटचा धुरा, म्हंजे बांध, किती बी पुढं न्या. पन पयला धुरा जिथं होता तिथंच पायजे. बोटभर हालला का मशिनीले काहीच सापडनार नाही."

त्यांनी खोडलं. डोळ्यांदेखत तक्ता रिकामा झाला. इतक्या वर्षांची, इतक्या माणसांची नोंद, आणि पडद्यावर काहीही नाही. मग त्यांनी नवी हद्द आखली, सुरुवात तळहातावरून, शेवट थेट टोकाला. मशिनीने विचारलं: या जागेवर जुनी खूण दिसते आहे, पुसून टाकू? साधा प्रश्न. एक अक्षर हो, एक अक्षर नाही. विहीणबाई मोठ्याने म्हणाल्या, "नाही. नाही पुसायची," जसं समोर कोणी बसलंय, आणि नकाराचं अक्षर दाबलं.

आता फक्त शेवटचं अक्षर राहिलं होतं. ते दाबेपर्यंत डिस्कवर खरं काहीच लिहिलं जात नाही, ते दाबलं की सगळं पक्कं.

त्यांनी हात काढले आणि म्हणाल्या, "संत्रं."

डॉक्टरांना वाटलं बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतलं संत्रं काढून दिलं. बाहेर एक बाई मरणाच्या दारात, आणि आत विहीणबाई संत्रं सोलतायत, पांढऱ्या शिरा काढतायत, बी बशीत ठेवतायत. त्या खोलीत संत्र्याच्या सालीचा वास भरून राहिला. डॉक्टर दारापर्यंत जाऊन परत येत होते. मी आयुष्यात पुष्कळ मोठमोठी माणसं पाहिली, व्यासपीठावरची, हारतुऱ्यातली. त्यातलं कोणी एवढ्या भीतीत एवढं हळू संत्रं खाऊ शकलं असतं असं मला वाटत नाही. त्या आकडा वाचत होत्या. फोड. पुन्हा वाचत होत्या. फोड. पलीकडचा श्वास ऐकू येत होता आणि त्या त्याला ऐकूनही घाई करत नव्हत्या. घाई केली असती तर त्याच श्वासाचं नुकसान झालं असतं.

शेवटची फोड तोंडात टाकून त्यांनी बोटं पदराला पुसली आणि अक्षर दाबलं.

मग आतल्या जागेला पसरायला सांगितलं. पडद्यावर बारीक बारीक ओळी धावल्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केली. मी काय पाहत होतो ते मला कळत नव्हतं, म्हणून मी विहीणबाईंकडे पाहत होतो. एकदम त्यांच्या खांद्यातून काहीतरी उतरलं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "नाव सांगा तिचं."

डॉक्टरांनी नाव सांगितलं. नोंद उघडली. डॉक्टर तिथूनच फोनवर वाचायला लागले आणि वाचत वाचतच बाहेर धावले.

विहीणबाई उठल्या नाहीत. त्यांनी आधी कूलरची पिन काढली, बाहेरच्या डिस्कची लावली आणि बॅकअप सुरू केला. खोली तापली, आम्ही दोघं घामाने निथळत बसलो. बॅकअप पुरा झाल्यावर त्या मागच्या कडुलिंबाखाली गेल्या आणि बराच वेळ दिसल्या नाहीत. मी पाण्याचा गडवा घेऊन गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. डावा तळहात पदराने घासत होत्या, पण त्यावरचा आकडा निघत नव्हता. त्या आकड्याकडे तो दुसऱ्याच कोणी लिहिला असावा तशा बघत होत्या.

"निघन," त्या म्हणाल्या. "द्या, पानी द्या."

रामकलीला योग्य पिशवी चढली. उतरत्या उन्हाला तिचा श्वास इतका शांत झाला, की डॉक्टर दर थोड्या वेळाने जाऊन छातीला हात लावून बघत होते.

बारशाला पार्टिशनची हकिकत सांगणाऱ्या विहीणबाईंनी ही हकिकत कोणालाही सांगितली नाही. आमच्या सूनबाईंनाही ती माझ्याकडून कळली. मी एकदोनदा चारचौघांत विषय काढला, तर त्यांनी तो बाजूला सारून दुसरंच काही काढलं.

दिवाळीच्या आसपास त्या आमच्याकडे आल्या होत्या आणि दवाखान्यातली मशीन एकदा डोळ्यांखालून घालते म्हणाल्या. आम्ही गेलो तर व्हरांड्याच्या बाकावर रामकली. पुन्हा रक्ताची पाळी होती. मांडीवर तीनचार महिन्यांची पोर, काळीभोर, डोक्यावर उभं जावळ. आत जायची वेळ झाली तशी तिने इकडेतिकडे पाहिलं. नवरा औषधं आणायला गेला होता. बाकावर शेजारी विहीणबाई होत्या.

"बाई, इसको जरा देखना," ती म्हणाली आणि पोर त्यांच्या मांडीवर ठेवून आत गेली. तिने त्यांना त्या दिवशी पाहिलंच नव्हतं.

रक्त चढायला वेळ लागतो. विहीणबाई मशिनीकडे गेल्या नाहीत. पोर त्यांच्या मांडीवर झोपली आणि त्या हलल्यासुद्धा नाहीत. मीही बसलो.

"सांगू का तिला?" शेवटी मी विचारलं.

"काय सांगता, इवाई? मशिनीची जागा वाढोली म्हनून? तिले त्याचं काय."

मग थोड्या वेळाने, पोरीकडे बघत, अगदी हळू म्हणाल्या, "एवढे वर्षं केलं हे काम. कधी कोनाचा आवाज नव्हता आला आतून. नुसते आकडे होते. आता कोनतीबी डिस्क उघडली का मले कोनीतरी श्वास घेताना आयकू येते."

मी पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली.

रामकली बाहेर आली, तिने पोर उचलून कडेवर घेतली, "जाती हूँ बाई" म्हणाली आणि नवऱ्याच्या मागोमाग एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली. विहीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. वळणावर ते दिसेनासे झाले, तरीही बघत राहिल्या. त्यांच्या मांडीवर साडीला पोरीच्या वजनाची खोल चुणी पडली होती. एरवी झटक्यात निऱ्या सारख्या करणाऱ्या बाई, पण उठेपर्यंत त्यांनी त्या चुणीला हात लावला नाही.